पणजीचे नाव कोणत्या कागदात सापडेल?

प्रश्न : माझे वडील ७९ वर्षांचे आहेत आणि त्यांना आपल्या आजीचे, म्हणजे माझ्या पणजीचे, नाव माहीत नाही. गेल्या दिवाळीत नातवाने शाळेसाठी वंशवृक्ष काढायला घेतला तेव्हापासून ही गोष्ट त्यांना फार सलते आहे. आमचे मूळ गाव मालवण तालुक्यात. आजोबा गिरणीत नोकरीसाठी मुंबईला आले. पणजोबांचे नाव ठाऊक आहे, आणि आजोबा लहान असतानाच ते वारले, एवढे माझी ८६ वर्षांची आत्या सांगते. गावी भातशेतीचा एक तुकडा अजून चुलत घराण्याकडे आहे. १९११ च्या जनगणनेत आमच्या घराची नोंद असेल म्हणून मी इंटरनेटवर पुष्कळ शोधले, पण आकड्यांच्या तक्त्यांपलीकडे काही मिळाले नाही. वडिलांच्या जन्माच्या नोंदीसाठी तहसील कार्यालयात अर्ज केला, त्यावर ‘नोंद आढळून येत नाही’ असे उत्तर आले. दाखल्यावर त्यांची जन्मतारीख १ जून १९४६ आहे, पण आत्या म्हणते, तो आश्विनात झाला, स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी. आता पुढे काय करावे? – एक वाचक

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रात दोन-तीन धागे असे आहेत की ते नीट धरले तर पणजीबाईंचे नाव सापडण्याची चांगली शक्यता आहे, असे मला मनापासून वाटते. मात्र ज्या वाटेने आपण सुरुवात केलीत ती जनगणनेची वाट आधी सोडून द्यावी लागेल.

इंग्लंडमध्ये शंभर वर्षे उलटली की जनगणनेच्या घरोघरच्या याद्या नावांसकट खुल्या होतात. १९२१ च्या याद्या जानेवारी २०२२ मध्ये खुल्या झाल्या. अमेरिकेत ही मुदत ७२ वर्षांची आहे, आणि तिकडची १९५० ची जनगणना एप्रिल २०२२ पासून कोणालाही पाहता येते. तिकडच्या लोकांनी जनगणनेतून आपली घराणी कशी शोधली हे वाचून आपल्याकडेही तसेच असेल असे वाटणे स्वाभाविक आहे. आपल्याकडची खानेसुमारी १८८१ पासून २०११ पर्यंत दर दहा वर्षांनी होत आली खरी, पण छापून जपले गेले ते तालुक्याचे, जातीचे, धंद्याचे आणि वयोगटांचे आकडे. शिवाय १९४८ च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ प्रमाणे गणनेची मूळ कागदपत्रे कोणाला पाहण्यासाठी खुली नसतात आणि पुरावा म्हणूनही चालत नाहीत. १९११ च्या त्या तक्त्यात आपले पणजोबा आहेत, पण ते रत्नागिरी जिल्ह्याच्या एका बेरजेत मिळून गेलेले आहेत.

याला एक अपवाद आहे आणि तो आपल्या उपयोगाचा ठरू शकतो. १९५१ च्या जनगणनेनंतर त्या माहितीवरून ‘नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर’ तयार करण्यात आले होते, आणि त्यात घरातल्या माणसांची नावे होती. महाराष्ट्रातील महसूल खात्याच्या जुन्या अभिलेखांत हे ‘सन १९५१ चे रजिस्टर’ गणले जाते. ते प्रत्येक गावाचे टिकले असेल असे नाही, पण अर्ज करताना त्याचा नावानिशी उल्लेख जरूर करावा. त्याआधी आत्याबाईंना एवढेच विचारावे, की त्यांनी आपल्या आजीला पाहिले होते का. ‘नाव माहीत नाही’ याचा अर्थ ‘पाहिले नाही’ असा होत नाही. घरातल्या वडीलधाऱ्या बाईचे नाव सुना घेत नसत, मुले तिला आजी म्हणत आणि गाव तिला अमक्याची आई म्हणे. असे करत करत आयुष्यभर डोळ्यांसमोर असलेल्या बाईचे नाव कोणाच्या कानावरच पडत नसे. आत्याबाईंनी तिला पाहिले असेल, तर ती १९४० नंतरही हयात होती हे नक्की झाले, आणि मग १९५१ चे रजिस्टर आणि त्यानंतरची मृत्यूची नोंद या दोन्ही जागा शोधण्याजोग्या ठरतात.

आता वडिलांच्या जन्माच्या नोंदीविषयी. आपल्या अर्जाला नकार आला तो बहुधा अर्जच चुकीच्या पानाकडे बोट दाखवत होता म्हणून. १ जून ही तारीख आपल्या वडिलांच्या पिढीत घरोघरी आढळते, कारण शाळा जूनमध्ये सुरू होत आणि जन्मतारीख माहीत नसलेल्या मुलाला प्रवेशाच्या वयात बसवण्यासाठी मास्तर सरळ १ जून लिहून टाकत. आत्याबाईंची आठवण मला दाखल्यापेक्षा अधिक भरवशाची वाटते. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षीचा आश्विन म्हणजे १९४६ चे सप्टेंबर-ऑक्टोबर. त्या वेळी जन्मलेले मूल पुढे शाळेत घालताना चार महिन्यांनी वयाला कमी पडत असणार, म्हणून त्याच वर्षाचा १ जून लिहिला गेला, हे सहज जुळते. तेव्हा शोध १९४६ च्या आश्विनाच्या मागेपुढे घ्यावा, आणि उशिरा केलेल्या नोंदी गृहीत धरून तो १९४७ च्या मार्चपर्यंत न्यावा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. बाळंतपण माहेरी होत असे. आपले आजोबा मुंबईला गिरणीत होते. तेव्हा आजी बाळंतपणाला सासरच्या गावी राहिली असेल यापेक्षा ती स्वतःच्या माहेरी गेली असेल, हेच अधिक संभवते. म्हणजे वडिलांचा जन्म त्यांच्या आजोळच्या गावच्या रजिस्टरात असणार, आणि आपण शोध घेतलात तो मूळ गावाच्या. आजीच्या माहेरचे गाव आत्याबाईंना निश्चित ठाऊक असेल. ते गाव सावंतवाडीच्या बाजूचे निघाले तर आणखी एक काळजी घ्यावी लागेल: सावंतवाडी हे १९४८ पर्यंत वेगळे संस्थान होते, त्यामुळे १९४६ ची तिथली नोंद संस्थानच्या दप्तरात झालेली असणार, इंग्रजी मुलखातल्या मालवणच्या दप्तरात नव्हे. तसेच १९८१ पर्यंत सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात नव्हता. जुन्या कागदांवर ‘जिल्हा रत्नागिरी’ असेच दिसेल, आणि मालवणात न मिळालेल्या गोष्टीची चौकशी रत्नागिरीलाही करणे योग्य होईल.

तिसरी गोष्ट रजिस्टराच्या रचनेची. गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीला त्या काळी ‘गाव नमुना १४’ म्हणत (विदर्भात हेच काम कोतवाल बुकात झालेले दिसते). जन्माची खबर बारशाच्या आधीच दिली जाई, म्हणून मुलाचे नाव लिहिण्याचा प्रश्नच येत नसे. नोंद असते ती बापाच्या नावाने: तारीख, बापाचे नाव, जात, आणि ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’. ज्या कारकुनाने आपल्या वडिलांचे नाव हातात धरून पाने उलटली, त्याला ते मिळणे शक्यच नव्हते. म्हणून नवा अर्ज असा करावा: ‘मौजे अमुक येथील गाव नमुना १४ चे सप्टेंबर १९४६ ते मार्च १९४७ या काळातील रजिस्टर पाहावयास मिळावे, आणि अमुक (आपल्या आजोबांचे नाव) यांस झालेल्या मुलाच्या नोंदीची नक्कल मिळावी.’ अर्जात गाव, नमुना आणि काळ या तिन्ही गोष्टी आल्या, की अभिलेख कक्षातल्या माणसालाही कोणते गाठोडे सोडायचे ते कळते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याआधी देशभर लागू असणारी सक्तीची नोंदणी नव्हती, १८८६ चा कायदा ऐच्छिक होता; म्हणून एखादा जन्म वहीत नसणे हेही घडते, आणि तसे झाले तर त्याने खचून जाऊ नये.

परंतु हे सगळे वडिलांच्या जन्मापुरते झाले. त्यांना हवे आहे ते आजीचे नाव, आणि जन्माच्या वहीत ते मिळणार नाही. अनेक वर्षे अशा वह्या चाळल्यानंतर माझे मत असे झाले आहे की ज्या कागदावर कोणाचा तरी हक्क किंवा सारा अवलंबून होता, तो कागद लोकांनी लिहिला आणि जपला. बाईचे नाव शोधायचे तर तिचा हक्क, निदान तिची जबाबदारी, कोठे लिहावी लागली असेल ते आधी शोधावे. आपल्या बाबतीत ती जागा मला स्पष्ट दिसते, आणि ती आपल्याच पत्रातल्या एका वाक्यात आहे: आजोबा लहान असतानाच पणजोबा वारले.

जमीन त्यांच्या नावावर असेल, तर ते गेल्यावर वारसाचा फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलाची महसुली नोंद, झाला असणार. त्या काळी बापाची जमीन मुलाच्या नावे होई. विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हिस्सा देणारा कायदा १९३७ मध्ये आला. पण मुलगा अज्ञान, म्हणजे वयाने लहान, असेल तर त्याच्या वतीने कोणीतरी पालनकर्ता लिहावाच लागे, आणि तो पुष्कळदा आई असे. अशी नोंद ‘अमुक बिन तमुक, अज्ञान, पालनकर्ती आई अमुक’ अशा धर्तीची असते. पुढे सातबारावर या नोंदीचेच ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता) झालेले दिसते. ज्या बाईचे नाव घरात कोणी उच्चारले नाही, तिचे नाव तलाठ्याला मात्र लिहिणे भाग पडले. मी आपल्या जागी असते तर सर्वांत आधी या फेरफाराच्या मागे लागले असते.

तो कसा गाठावा ते जरा विस्ताराने सांगते. चुलत घराण्याकडून त्या तुकड्याचा आजचा गट नंबर घ्यावा आणि सातबारा पाहावा. नावांशेजारी आणि तळाला फेरफारांचे क्रमांक असतात. त्यांतला सर्वांत जुना क्रमांक घेऊन त्या फेरफाराची (गाव नमुना ६) नक्कल काढावी. त्यात त्याच्या आधीचा मालक आणि जुना सर्व्हे नंबर कळतो. मग तो सर्व्हे नंबर धरून जुने हस्तलिखित सातबारे आणि त्याआधीची हक्कनोंद, असे एकेक पाऊल मागे जायचे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ मध्ये झाला, त्यामुळे पणजोबांच्या मृत्यूच्या सुमाराचे फेरफार असण्याला आधार आहे. यांतले बरेच जुने अभिलेख आता स्कॅन झालेले आहेत आणि महसूल खात्याच्या ‘आपले अभिलेख’ या पोर्टलवरही पाहता येतात, पण जे तिथे दिसत नाही ते मुळातच नाही असे समजू नये.

या कागदांत दोन खुणांकडे लक्ष असू द्यावे. नावापुढे ‘ए.कु.क.’ असेल, तर ते ‘एकत्र कुटुंब कर्ता’ असे वाचायचे. म्हणजे त्या एका नावामागे आणखी भाऊ उभे आहेत, ते कागदावर दिसत नाहीत इतकेच. आपल्या घराण्याचा थोरला पणजोबा कर्ता म्हणून लावलेला असेल, तर धाकट्याच्या मृत्यूनंतर वारसाचा फेरफार झालाच नसेल, हेही ध्यानात ठेवावे. आणि कोकणात खोतीची गावे पुष्कळ. जमीन खोताच्या नावे आणि आपले लोक कूळ, अशी स्थिती असेल तर मालकाच्या रकान्यात आपले आडनाव शोधून उपयोग नाही, कुळाच्या रकान्यात पाहावे. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, आणि त्यानंतर बरीच कुटुंबे पहिल्यांदा मालक म्हणून कागदावर आली. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती त्यांचा शोध याहून कितीतरी कठीण असतो, आणि त्यांच्या वाट्याला शाळेचे जनरल रजिस्टर आणि मृत्यूची वही एवढेच उरते, हे लिहिताना मला वाईट वाटते.

जुन्या कागदांत आडनाव फारसे नसते, हेही आधीच सांगून ठेवते. ‘बिन’ आणि ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, ‘मयत’ म्हणजे वारलेला. ‘सखू कोम रामा’ ही रामाची बायको सखू. एका ओळखीच्या व्यक्तीने मला पहिली नक्कल वाचून दिली तेव्हा हा ‘कोम’ हा शब्दच बाईचे नाव म्हणून वाचला गेला होता, आणि माझ्या वंशावळीत तीन वर्षे एक अशी बाई राहिली जी कधी जन्मलीच नव्हती. ती खोडून माझ्या खऱ्या पणजीचे नाव लिहिताना मला दोघींविषयीही काहीतरी वाटले. तेव्हापासून कोणाचेही वाचन मी मूळ अक्षरांशी ताडून पाहिल्याखेरीज घेत नाही.

मूळ अक्षरे मोडी असतील तर घाबरण्याचे कारण नाही. मोडीत ओळीभर रेघ आधी ओढून घेतात आणि अक्षरे तिला लगटून, हात शक्य तितका कमी उचलून लिहितात. शब्दांत जागा सोडलेली नसते, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो. सगळी लिपी शिकणे हे काही महिन्यांचे काम आहे, परंतु आपल्या पणजोबांचे नाव, गावाचे नाव आणि ‘बिन’, ‘कोम’, ‘मयत’, ‘अज्ञान’ हे चार शब्द मोडीत कसे दिसतात एवढे एखाद्या जाणकाराकडून कागदावर लिहून घेतले, तर पानावरची आपली ओळ आपल्यालाच ओळखता येते. पूर्ण वाचन मग मोडी वाचकाकडून करून घ्यावे. फोटो काढताना पान सपाट ठेवावे, उजेड बाजूने येऊ द्यावा, आणि नुसत्या आपल्या ओळीचा न काढता पूर्ण पानाचा काढावा, कारण साल आणि गाव बहुधा पानाच्या माथ्यावरच लिहिलेले असते. साल शके असेल तर त्यात ७८ मिळवावेत. पौषाच्या सुमारास इंग्रजी वर्ष बदलते, तेव्हा शेवटच्या अडीच-तीन महिन्यांसाठी ७९.

फेरफार शोधण्यासाठी पणजोबांच्या मृत्यूचे साल अंदाजाने तरी हवे. आजोबांचे वय मोजून पाहिले तर ते १९१० ते १९२५ च्या दरम्यान कोठेतरी पडते असे दिसते. मृत्यूच्या वहीत १९१८ ची पाने सर्वप्रथम पाहावीत, असा माझा सल्ला आहे. त्या वर्षीच्या इन्फ्लुएन्झाच्या साथीने सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मुंबई इलाख्यात हाहाकार केला आणि त्यात तरुण माणसे फार गेली. माझ्या आजोबांच्या गावचे त्या सालचे रजिस्टर मी पाहिले आहे. उन्हाळ्यापर्यंत एका पानात तीन-चार महिने मावतात. पुढे आश्विनात एका महिन्याला चार पाने लागली आहेत. कारणाच्या रकान्यात वर एकदा ‘ताप’ लिहिले आहे आणि खाली पानभर ‘सदर’, ‘सदर’, ‘सदर’. तिसऱ्या पानावर हस्ताक्षर बदलते. आमच्या घरची तीन नावे त्या पानांत आहेत, त्यांतली दोन नऊ दिवसांच्या अंतराने. घरात कोणीही मला कधी सांगितले नव्हते की आजोबांना एक थोरला भाऊ होता. आपल्यालाही असे काही दिसू शकेल, तेव्हा वडिलांना सांगण्यापूर्वी स्वतः एकदा शांतपणे वाचून घ्यावे.

याशिवाय तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. पणजोबांच्या किंवा त्यांच्या भावांच्या अस्थी घेऊन कोणी नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला गेले असेल, तर तिथल्या उपाध्यायांच्या वहीत गाव आणि कुळानुसार नोंद असते, आणि येणाऱ्याने आपल्या हाताने घरातल्यांची नावे लिहिलेली असतात. मुंबईकर घराण्यांचे नाशिकला जाणे होत असे. आपल्या कुळाचे उपाध्याय कोण, हे चुलत घराण्याला विचारावे. या वहीत बायकांची नावे कधी येतात, कधी येत नाहीत. पण येतात तेव्हा पिंडदानाच्या निमित्ताने आई, आजी अशी दोन-दोन पिढ्यांची एकदम येतात. गिरणीच्या कागदांवर मी फार वेळ घालवणार नाही. तिथे आजोबांचे नाव मिळेल, त्यांच्या आईचे नाही.

आत्याबाईंशी बोलताना ‘आपल्या आजीचे नाव काय’ असे पुन्हा विचारू नये. ते त्यांना ठाऊक नाही आणि तोच प्रश्न पुन्हा आला की त्यांना उगाच अपराधी वाटेल. त्याऐवजी विचारावे, की आजीच्या माहेरचे लोक कोण, त्यांच्याकडे कोणाच्या लग्नाला जात असत, आजी कोणत्या सणाला कोणाची वाट पाहत असे, तिला तिचा भाऊ काय म्हणून हाक मारी. माहेरची माणसे तिला नावाने हाक मारणारी होती. त्या घरात आज कोणी म्हातारे माणूस असेल तर ते नाव तिथे अजून बोलले जात असण्याचीही शक्यता आहे. मात्र लग्नात नाव बदलत असे, म्हणून माहेरी मिळालेले आणि फेरफारात मिळालेले नाव वेगळे निघाले तर कोणते तरी एक चूक आहे असे धरू नये. दोन्ही लिहून ठेवावीत, आणि प्रत्येकापुढे ते कोठून मिळाले तेही लिहावे.

फेरफार मिळाल्यावर एक गोष्ट जरूर करावी. प्रमाणित नक्कल घ्याच, पण ती टंकलिखित असेल, तर मूळ वही पाहण्याची परवानगी मागावी आणि वडिलांची प्रकृती झेपवत असेल तर त्यांना मालवणला सोबत न्यावे. पाने जीर्ण असतात, तेव्हा ती कर्मचाऱ्यालाच उलटू द्यावीत. त्या ओळीवर कर्मचाऱ्याने बोट ठेवले की वडिलांना ती स्वतः वाचू द्यावी. मोडीत असेल तर आपण शेजारी उभे राहून अक्षर अक्षर लावून दाखवावे.